नगरचा किल्ला पडला ते पाच दिवस

ऑगस्ट 1803 मध्ये नगरचा किल्ला घेणारा इंग्रज जनरल तेव्हा चौतीस वर्षांचा होता. आर्थर वेलस्ली त्याचे नाव. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला आणि 1828 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. इंग्रजी पुस्तकांत नगरची हकीकत एका सकाळची म्हणून येते: शिड्या लावल्या, तट ओलांडला, पेठ घेतली. माझे म्हणणे असे की, त्या सकाळी फक्त शेवट झाला. नगर हातचे जायला त्याच्या बरेच आधी सुरुवात झाली होती, आणि ती आपल्याच माणसांनी केली होती.

1797, पुणे
दुसऱ्या बाजीरावाने नगरचा किल्ला दौलतराव शिंद्याला देऊन टाकला. ज्या किल्ल्याच्या तटावरून चांदबिबीने 1595-96 मध्ये अकबराच्या फौजेला थोपवले होते, त्याचा पेशवाईच्या दरबारी सौद्यात हातबदल झाला. वर्षअखेर शिंद्याच्या माणसांनी नाना फडणवीसांना दगा देऊन पकडले आणि याच किल्ल्यात कैदेत ठेवले. सगळ्या मराठी सत्ताधाऱ्यांना एका सुतात बांधू शकणारा एकच माणूस उरला होता. त्याला नगरच्या कोठडीत बसवणारेही मराठेच होते.

25 ऑक्टोबर 1802, हडपसर
यशवंतराव होळकराने पेशवा आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. भाऊ विठोजीला बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले होते, ती आग त्याच्या मनात होती. बाजीराव पळाला.

31 डिसेंबर 1802, वसई
बाजीरावाने कंपनीशी तह केला. सहा हजारांची तैनाती फौज कायमची आपल्या मुलखात घ्यायची, तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यायचा आणि परराष्ट्रांशी व्यवहार कंपनीला विचारून करायचा. गादी परत मिळाली, पण राज्य गहाण पडले. 13 मे 1803 रोजी तो इंग्रजांच्या संरक्षणात पुण्यात परतला.

जून-जुलै 1803
वेलस्ली पुण्याहून उत्तरेकडे निघाला. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता. त्याने 26 जूनला धाकट्याला दख्खनमधले लष्करी आणि राजकीय असे दोन्ही अधिकार दिले. लढाई करायची की तह, हे आता तंबूतला सेनापती ठरवणार होता. लंडनमध्ये तेव्हा हेन्री ॲडिंग्टन पंतप्रधान होता, पण आफ्रिकेला वळसा घालून पत्र जायला कित्येक महिने लागत. दख्खनमध्ये युद्ध सुरू झाल्याचे त्याच्या सरकारला कळेपर्यंत इथे सगळे उरकलेले असणार होते.

दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले निजामाच्या सरहद्दीवर तळ देऊन होते. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्याच्या छावणीत उत्तर मागत होता: युद्ध की शांतता? शिंद्याने नर्मदेपार जावे आणि भोसल्याने नागपूरला, ही वेलस्लीची अट. इंग्रजांनीही त्याच दिवशी फौजा मागे घ्याव्यात, हे शिंदे-भोसल्यांचे म्हणणे. मला ते रास्त वाटते. वेलस्लीने ते मान्य केले नाही. आणि होळकर? तिसरा मराठा सरदार माळव्यात स्वस्थ बसून राहिला. आज शिंद्याची पाळी असेल तर उद्या आपली, हे त्याला पुढच्या वर्षी कळले, तेव्हा तो एकटा होता.

3 ऑगस्ट
कॉलिन्सने शिंद्याची छावणी सोडली.

6 ऑगस्ट, वाळकी
नगरजवळच्या वाळकीत वेलस्लीचा तळ पडलेला. कॉलिन्स निघाल्याची बातमी पोचली आणि त्याच दिवशी शिंद्याला पत्र गेले: मी बरोबरीच्या नात्याने शांतता देऊ केली होती, तुम्ही युद्ध निवडले, परिणामांना जबाबदार तुम्ही.

7 ऑगस्ट
पावसामुळे फौज हलू शकली नाही. नगरला एक दिवस जास्त मिळाला. शिंद्याची मुख्य फौज दूर अजिंठ्याच्या बाजूला होती. मदतीला येण्यासारखे कोणी नव्हते.

8 ऑगस्ट, सकाळ
पाऊस उघडला. किल्लेदाराला शरण येण्याचा निरोप आधीच गेला होता. पेठेजवळ पोचल्यावर वेलस्लीने रहिवाशांना कौल देऊ केला. तो नाकारला गेला. नाकारणारे रहिवासी नव्हते, कारण पेठ अरबांच्या ताब्यात होती. त्यांच्या पाठीशी शिंद्याची एक कवायती पलटण होती आणि पेठ व किल्ला यांच्यामधल्या मोकळ्या जागेत घोडदळ होते. घरेदारे, दुकाने, बायकापोरे नगरकरांची होती. ती पणाला लावायची की नाही, हा निर्णय मात्र पगारी शिपायांनी घेतला.

त्यानंतर लगेच
तीन तुकड्या तीन ठिकाणी तटाला भिडल्या. हार्नेस, वॉलेस आणि व्हेसी हे त्यांचे अधिकारी. तट उंच होता, बुरूज मजबूत होते, पण तटाला आतून फांजी नव्हती. शिडीवरून माथ्यावर पोचलेल्या शिपायाला पाय ठेवायला जागा नाही. बुरुजांवरचे अरब जिवाची बाजी लावून लढले. वेलस्लीने स्वतःच्या खलित्यात त्यांच्या चिकाटीची नोंद केली आहे. 78व्या हायलँडर पलटणीचा कॉलिन कॅम्पबेल तलवार मनगटाला अडकवून चढला आणि आत उतरला. पुढे तो सिलोनचा गव्हर्नर झाला. तट सोडून अरब घरांत शिरले आणि खिडक्यांतून गोळ्या झाडत राहिले. शिंद्याची पलटणही गल्ल्यांत लढली. थोड्याच वेळात पेठ पडली.

इंग्रजांच्या छावणीत पेशव्याकडून आलेला बापू गोखले होता. त्याने पुण्यातल्या मित्रांना नवलाने कळवले की, हे लोक सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतल्यांना मारले आणि न्याहारीला परतले. हे वाक्य इंग्रजी इतिहासकारांनी कौतुकाने वापरले आहे. मला मात्र ते वाचताना त्रास होतो. नगरच्या तटावर मराठ्यांची माणसे मरत असताना एक शूर मराठा सरदार शत्रूच्या गोटातून पाहत उभा होता, कारण त्याच्या धन्याचा तसा हुकूम होता. हाच बापू गोखले फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडला.

8 ऑगस्ट, रात्र
किल्ल्याच्या बचावाला लागणारी माणसे सोडून उरलेली फौज उत्तरेकडे निघून गेली. वाचलेले अरबही गेले. एक जखमी म्होरक्या आणि त्याच्यासोबतचे थोडे लोक तेवढे किल्ल्यात राहिले.

9 ऑगस्ट, संध्याकाळ
दिवसभर वेलस्लीने किल्ल्याभोवतीची जमीन पाहिली. सांज होताच वॉलेसच्या तुकडीने तटापासून 400 यार्डांवरची जागा धरली आणि रातोरात चार तोफांचा मोर्चा उभा केला.

10 ऑगस्ट, उजाडताना
तोफा सुरू झाल्या. मारा इतका अचूक होता की, बोलणी करायला माणूस पाठवतो, तोवर मारा थांबवा, अशी किल्लेदाराची विनंती आली. उत्तर गेले: किल्ला मी घेईपर्यंत किंवा तुम्ही देईपर्यंत तोफा थांबणार नाहीत, सांगायचे ते सांगा, ऐकून घेईन.

11 ऑगस्ट, सकाळ ते संध्याकाळी 5
दोन वकील बाहेर आले. शिबंदीसह जाऊ द्यावे आणि खाजगी मालमत्ता राहू द्यावी, एवढीच मागणी. वेलस्लीने ती मान्य केली, पण ओलीस माणसे हाती येईपर्यंत तोफा चालूच ठेवल्या. ओलीस पोचायला संध्याकाळचे 5 वाजले.

12 ऑगस्ट, सकाळ
1400 माणसांसह किल्लेदार बाहेर पडला. खंदक शाबूत होता आणि मारा झालेली बाजू सोडली तर तटही उत्तम स्थितीत होता. तो किल्ला लढून थकला नव्हता.

पुढचे सगळे भराभर घडले. 23 सप्टेंबरला असईची लढाई, 29 नोव्हेंबरला आडगावची, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, आणि 30 डिसेंबरला शिंद्याशी सुर्जी अंजनगावचा तह. नगर जिल्ह्यावर त्याहून मोठा घाव पडला तो दुष्काळाचा. एकामागून एक फौजांनी मुलूख खाऊन टाकला होता, त्यात पाऊस फसला. 1803-04 मध्ये नगरात माणसे रोज भुकेने मरत होती, हे वेलस्लीच्याच पत्रांत आहे. त्याने शिधा वाटला, हेही खरे. पण तो दुष्काळ त्याच्या आणि आपल्या फौजांनी वाढवला होता.

22 जानेवारी 1828, लंडन
वेलिंग्टन पंतप्रधान झाला. आता हा सेनापती राज्य कोणत्या दिशेने नेणार, याची तिथे उत्सुकता होती. ती दिशा नगरला दिसली होती, असे मला वाटते. आपण ठरवलेली चौकट सोडायची नाही; चौकटीत बसेल तेवढे मोकळ्या हाताने द्यायचे; पण हातात काही आल्याशिवाय तोफ थांबवायची नाही. 1829 मध्ये आयर्लंडात यादवी पेटेल असे दिसताच त्याने कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क दिला, स्वपक्षाचा रोष पत्करून. 1830 च्या नोव्हेंबरात मात्र मतदानाच्या सुधारणेला त्याने ठाम नकार दिला आणि दोन आठवड्यांत त्याचे सरकार गेले. असा माणूस समोर असताना वेळकाढूपणा चालत नाही. 1803 मध्ये शिंद्याच्या छावणीने मात्र दोन महिने तोच केला.

नगरचा किल्ला 1804 मध्ये इंग्रजांनी पेशव्याला परत दिला. 1817 मध्ये पुण्याच्या तहाने तो कंपनीने कायमचा काढून घेतला. वसईच्या तहाने राज्य गहाण टाकणारा दुसरा बाजीरावच तेव्हाही पेशवा होता.