नगराची सीमा आणि नांगराची जमीन

शहराची सीमा नकाशावर एका रेषेनें दाखवितां येते. परंतु ती रेषा ज्याच्या शिवारापलीकडे सरकते, त्या शेतकऱ्याची ग्रामसभा जाते आणि घराला नगराची घरपट्टी लागते. जमीन मात्र तेवढ्यानें बिगरशेती होत नाहीं; विकास आराखड्यांत ती शेतीच्या विभागांतच राहूं शकते. म्हणूनच, शेती करणाऱ्याला हद्दीबाहेर जातां येतें काय, हा प्रश्न उभा राहतो.

लातूरची गंज गोलाई १९१७ सालीं आखली गेली, तेव्हां मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. पुढें ज्या महानगरपालिका कायद्याखालीं हीं शहरें आलीं, तो १९४९ सालीं मुंबई प्रांतासाठीं झाला. मराठवाडा मुंबई राज्यांत आला १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. नांदेड आणि गोदावरीपलीकडील वाघाळा मिळून १९९७ सालीं एक महापालिका झाली. लातूरची २०११ सालीं.

सीमा वाढविण्याचा आणि घटविण्याचा मार्ग या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत एकच आहे. सरकारनें महापालिकेशीं विचारविनिमय करावा, मसुदा आगाऊ प्रसिद्ध करून हरकती विचारांत घ्याव्या आणि मग अधिसूचना काढावी. हा केवळ उपचार नव्हे. ठाणें जिल्ह्यांतील कल्याण-डोंबिवलीच्या हद्दींतून २७ गांवें २००२ सालीं वगळलीं गेलीं आणि २०१५ सालीं पुन्हां आंत आलीं. त्यांतील १८ गांवें २०२० सालीं सरकारनें फिरून वगळलीं, तेव्हां महापालिकेशीं योग्य विचारविनिमय झाला नाहीं म्हणून उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं तो निर्णय रद्द केला.

हद्दीबाहेर पडल्यानेंही सारें सुटतें असें नाहीं. १९७० सालीं आयकर कायद्यांत दुरुस्ती होऊन, दहा हजारांवर वस्तीच्या नगराच्या हद्दींतील शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरली. ती विकून होणाऱ्या नफ्यावर कर आला. २०१३ सालीं हद्दीबाहेरील अंतरही कायद्यांतच निश्चित झालें : एक लाखाहून अधिक आणि दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरासाठीं सरळ रेषेंत ६ किलोमीटर. २०११ च्या शिरगणतींत नांदेडची वस्ती साडेपांच लाखांवर आणि लातूरची पावणेचार लाखांवर होती; म्हणजे दोन्ही नगरें याच वर्गांत पडलीं.

अर्थात् हद्दीला लागून असलेलें शिवार अधिसूचनेनें मोकळें झालें, तरी विक्रीच्या वेळीं तें शहराचेंच गणलें जाणार. ग्रामसभा परत मिळते. करांतून सुटका मिळत नाहीं. सीमेबाहेर जाण्याचा अर्ज करणाऱ्यानें हा हिशेब आधींच मांडलेला बरा.