रिसबुडांची अडचण : होतकरू कादंबरीकाराचे एक जुने मनोगत

मराठी कादंबरीच्या इतिहासात नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा'ची (१८६८) नोंद बहुधा अद्भुतरम्य कादंबरीचा नमुना म्हणून होते. तिच्या प्रस्तावनेकडे मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. लिहू इच्छिणाऱ्या मराठी कादंबरीकाराने आपल्या व्यवसायाविषयी केलेल्या अगदी आरंभीच्या चिंतनांपैकी ते एक आहे. रिसबुडांच्या म्हणण्याचा आशय असा : आपल्याकडील विवाहाच्या रूढींमुळे व अन्य काही कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोवेधक असे फारसे काही आढळत नाही, रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात रंजक काही उरत नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. पुढे १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल' व नाटक यांवर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हाही आपल्या समाजस्थितीत या प्रकाराला कितपत वाव आहे, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

ही तक्रार जीवनाविषयी आहे असे वरवर वाटते. वस्तुतः ती वाचनाविषयी आहे. इंग्रजी कादंबरीच्या एका मोठ्या परंपरेत कथानकाचा कणा असतो तो प्रणयाराधनाचा. परस्परांची निवड, गैरसमज, विरह आणि अखेर विवाह, असा तिचा क्रम. बालविवाहाच्या समाजात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. दुसऱ्या बाजूला संस्कृतातील कथा आणि अरबी गोष्टींची मराठी रूपांतरे ही वाचनसामग्री होती. या वाङ्मयप्रकाराला मराठीने दिलेले नावही बाणभट्टाच्या नायिकेचेच आहे. या दोन वाचनांच्या मध्ये उभ्या असलेल्या लेखकाला स्वतःच्या घराकडे पाहण्यासाठी साचाच उपलब्ध नव्हता. साचा नाही, याचा अर्थ त्याने विषय नाही असा लावला.

विषय होता, याचा पुरावा आधीच छापला गेला होता. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. विधवांच्या स्थितीवर ते उभे आहे. परंतु पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले आणि त्यांच्या लेखनाचा हेतू उघडपणे धर्मोपदेशाचा व सुधारणेचा. रंजनाच्या शोधात असलेल्या लेखकाला तो कित्ता वाटला नाही, हे समजण्यासारखे आहे. खरे उत्तर मिळावयास दोन दशके जावी लागली. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. यमू आपली हकिगत स्वतः सांगते : माहेर, सासर, स्वयंपाकघर, वैधव्य. रिसबुडांनी ज्या विवाहरूढीला कादंबरीच्या मार्गातील अडसर मानले, तीच येथे कादंबरीचे द्रव्य झाली. समाज दोन दशकांत इतका बदलला नव्हता. बदलली होती ती पाहणाऱ्याची जागा.

मात्र प्रश्न कायमचा मिटला नाही. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'ने (१९३१) होतकरू लेखकाला एक मोठा दिलासा दिला. लेखन हे केवळ दैवी देणे नसून त्याचे तंत्र अभ्यासता येते, हा तो दिलासा. ही कामगिरी कमी लेखण्याचे कारण नाही. पण या विचारात भर पडला तो रचनेवर, वाचकाचे कुतूहल जागे ठेवण्यावर. कोणाचे जीवन आणि कोणाची भाषा, हा प्रश्न मागे राहिला. रिसबुडांची अडचण अशा रीतीने निराळ्या वेशात परत आली : जे सुघटित करता येत नाही ते कादंबरीयोग्य नाही.

हे समीकरण मोडणाऱ्यांत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळके यांचे स्थान महत्त्वाचे आहे. 'धग'मधील (१९६०) कौतिक ही एका शिंप्याची बायको. तिची झुंज आहे ती रोजच्या भाकरीशी. तिच्या आयुष्यात 'घडते' ते सारे दारिद्र्याच्या गतीने घडते आणि वऱ्हाडी बोलीत बोलले जाते. तीन वर्षांनी 'कोसला'ने (१९६३) खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकराचे वरकरणी निष्फळ तारुण्य हाच कादंबरीचा विषय केला. यमूचे घर पांढरपेशे होते. कादंबरीची ही मर्यादाही आता ओलांडली गेली.

या इतिहासाचे मोल केवळ कालक्रमापुरते नाही. नागपूर–अमरावती रस्त्यावरील तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावातून मराठी शिकावयास येणारा विद्यार्थी आजही 'आमच्याकडे लिहिण्यासारखे काही घडत नाही' असे म्हणू शकतो. १८६८ ची प्रस्तावना त्याच्यासमोर ठेवली, तर हे वाक्य त्याच्या गावाचे वर्णन नसून त्याच्या वाचनाचे वर्णन आहे, हे त्याला उमगावे. अभ्यासक्रमात त्याला कोणत्या कादंबऱ्या वाचावयास मिळतात यावर त्याला स्वतःचे गाव दिसणे अवलंबून आहे. कादंबरीचे अध्यापन करणाऱ्यांवर ही जबाबदारी येते. होतकरू कादंबरीकाराचे पहिले हस्तलिखित त्याच्या वाचनातच तयार होत असते.