बँक्स, लुईझ

बँक्स, लुईझ : (११ फेब्रुवारी १९४१ – ). भारतीय जॅझ पियानोवादक, संगीतकार व वाद्यसंयोजक. जन्म दार्जिलिंग येथे, नेपाळी कुटुंबात. मूळ नाव डंबर बहादूर. वडील जॉर्ज बँक्स ट्रम्पेटवादक होते. बँक्स यांच्या तरुणपणी जॅझ शिकवणारी महाविद्यालये देशात नव्हती. हॉटेलांतील बँड हीच वादकांची शाळा. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’ या उपाहारगृहात वाजवत बँक्स असेच घडले. संगीतकार राहुलदेव बर्मन यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि मुंबईकरच झाले.

त्यांचे मोलाचे काम भारतीय संगीत आणि जॅझ यांच्या मेळाचे आहे. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस हे त्यातील त्यांचे जिवलग सहकारी. या मेळात पियानोची अडचण अशी, की त्याचे सूर पक्के बांधलेले असतात, त्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) घेता येत नाही. शिवाय स्वरसंघात (कॉर्डमध्ये) रागाला वर्ज्य असलेला एखादा सूर सहज शिरतो. म्हणून कोणते सूर गाळायचे, हे जाणण्यातच वादकाची खरी परीक्षा असते. हा विवेक बँक्स यांच्या वादनात ठळकपणे जाणवतो.

१९८८ मध्ये दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गीताची चाल अशोक पत्की यांची, तर वाद्यसंयोजन बँक्स यांचे. ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांची ‘फ्लोटिंग पॉइंट’ (दोन्ही २००८) या ग्रॅमी नामांकित ध्वनिमुद्रिकांत बँक्स यांचे वादन आहे. त्यांचे पुत्र जीनो बँक्स नामवंत ड्रमवादक आहेत.