पाव किलोच्या चकतीची कुळकथा

कोणत्याही जिममध्ये प्लेटच्या स्टँडपाशी उभे राहून पाहा. खाली वीस-पंचवीस किलोच्या चकत्या, त्यांच्यावर दहा, पाच, अडीच, आणि सव्वा किलोवर बहुतेक ठिकाणी मामला संपतो. त्याहून लहान प्लेट मागितली तर ट्रेनर हसण्याचीच शक्यता जास्त. अर्ध्या किलोने असे काय होणार?

हिशेब मांडला की कळते. बारला वजन दोन्ही बाजूंना सारखेच लावावे लागते, म्हणून अडीचची जोडी चढवली की पाच किलो वाढतात. शंभर किलोने स्क्वॉट मारणाऱ्याला ही वाढ पाच टक्क्यांची. खांद्यावरून तीस किलो वर ढकलणाऱ्या मुलीला तीच वाढ जवळजवळ सतरा टक्क्यांची पडते. सव्वाची जोडी लावली तरी आठ टक्के होतातच. काल आठ वेळा वर गेलेला बार आज चारदा जाऊन अडतो, आणि तिला वाटते आपली ताकद इथवरच. पाव किलोच्या दोन चकत्या लावल्या तर वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आत राहते. स्टँडवर जागा न मिळालेल्या या चकतीचे घराणे मात्र चांगले जुने आहे.

मूळपुरुष म्हणून नाव घेतले जाते ते मायलोचे. इटलीच्या दक्षिणेकडील क्रोटॉन या ग्रीक नगरातला, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला हा मल्ल. ऑलिंपियात तो सहा वेळा जिंकला. दंतकथा अशी, की त्याने एक वासरू रोज उचलायला सुरुवात केली. वासराचा बैल झाला तरी तो उचलतच राहिला. थोडे थोडे वजन वाढवण्याचा धडा म्हणून ही गोष्ट जगभर सांगतात, पण तिच्यात एक खोट आहे. वासरू स्वतःच्या मर्जीने वाढते, उचलणाऱ्याला विचारून नव्हे. वर्षभरात ते शंभर-दीडशे किलोंनी सहज वाढते आणि माणसाची ताकद त्या वेगाने कधीच वाढत नाही. खरी गरज होती ती वाढीचा लगाम उचलणाऱ्याच्या हाती ठेवणाऱ्या वजनाची.

असे वजन पुष्कळ काळ नव्हते. आपल्या तालमीतही प्रगती मोजायची ती आकड्यांत: शंभर बैठकांच्या दोनशे, दोनशेच्या पाचशे. मुद्गल आहे त्याच वजनाचा राही. तो हलका वाटू लागला की त्याहून जड जोडी घ्यायची. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पहिलवानांकडे दोन टोकांना लोखंडी गोळे असलेले बारबेल आले, तेही बहुधा ठरलेल्या वजनाचेच. काही गोळे पोकळ असत आणि त्यांत वाळू किंवा शिशाचे छर्रे भरता येत. हवे तितकेच वजन वाढवण्याची सोय इथे प्रथम झाली. मात्र बूच काढा, छर्रे तोला, दोन्हीकडे सारखे भरा, एवढी यातायात रोज कोण करणार?

१९०२ साली अ‍ॅलन कॅल्व्हर्ट याने अमेरिकेत फिलाडेल्फियाला वजन कमी-जास्त करता येणारे बारबेल विकण्याचा धंदा सुरू केला. कंपनीचे नाव मायलो. जड लोखंड ही तमाशातल्या पहिलवानांची मिरासदारी होती. ती त्याने कारकून आणि दुकानदारांच्या घरात नेली. सोबत व्यायामाची पद्धतही शिकवली: आधी त्याच वजनाने आवर्तने वाढवा, ती ठरलेल्या आकड्याला पोचली की थोडे वजन चढवा आणि आवर्तने पुन्हा कमी करा. आजही लहान चकती हाताशी नसेल तर हाच मार्ग धरावा लागतो. पुढे जर्मनीत न्यूरेंबर्गच्या कास्पर बर्गने चकत्यांचा, फिरत्या टोकांचा बार बनवला आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तो वापरला गेला. आजच्या स्पर्धेतला बार त्याचाच वंशज.

या पद्धतीला वैद्यकाची मान्यता मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक महिनोन् महिने पडून असत. अशक्त स्नायूला जड वजन द्यायचे नाही, असा तेव्हाचा दंडक होता. स्वतः वजने उचलणारा तरुण डॉक्टर टॉमस डिलॉर्म याने तो मोडला. पायात लोखंडी बूट घालून त्याला वजन जोडायचे, जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे ठरवायचे आणि आठवड्यागणिक वाढवत न्यायचे, ही त्याची रीत. १९४५ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स याच्याबरोबर ती सोपी करून मांडली: दहाचे तीन सेट, पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण. जिममध्ये आज फळ्यावर लिहिलेले ‘तीन सेट, दहा रेप्स’ हे याच वळणाचे.

अर्ध्या किलोची खरी चैन होती ती विक्रमवीरांची. ऑलिंपिक पद्धतीच्या वेटलिफ्टिंगमध्ये वजन अडीच किलोंच्या पटीतच वाढवायचे, असा नियम होता. विश्वविक्रमासाठी मात्र अर्ध्या किलोची मुभा असे. रशियाचा वासिली अलेक्सेयेव याने १९७० ते १९७७ या काळात ८० विश्वविक्रम केले. प्रत्येक विक्रमाला सरकारकडून बक्षीस मिळे, म्हणून तो जुना आकडा अगदी थोडक्याने ओलांडत राहिला, असे सांगतात. क्लीन अँड जर्कमधला त्याचा शेवटचा विक्रम २५६ किलोंचा. अडीचच्या पाढ्यात हा आकडा येतच नाही. तो लहान चकत्यांचाच.

२००५ पासून स्पर्धेतली पायरी एक किलोची झाली आणि लहान चकत्या सगळ्यांच्याच कामाच्या ठरल्या. या चकत्यांचे रंग मोठे मजेचे आहेत. मोठ्यांत २५ किलोची लाल, २०ची निळी, १५ची पिवळी, १०ची हिरवी, ५ची पांढरी. लहानांत अडीचची लाल, दोनची निळी, दीडची पिवळी, एकची हिरवी, अर्ध्याची पांढरी. प्रत्येक रंगाची धाकटी पाती बरोबर एकदशांश वजनाची.

ही पायरी किती मोलाची, ते दोन भारतीय पदके सांगतात. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही २४२.५ किलोंवर गेली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात २४८ किलोंवर थांबला आणि मलेशियाचा अनीक कासदान २४९ किलोंनी सुवर्ण घेऊन गेला. दोघांच्याही पराभवाचे अंतर त्या त्या काळच्या नियमातल्या सर्वांत लहान पायरीएवढेच.

विक्रमवीरांची ही चकती सामान्यांपर्यंत आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे त्यांत सायप्रसहून लिहिणारा स्टुअर्ट मॅकरॉबर्ट अग्रभागी आहे. ‘ब्रॉन’ हे त्याचे पुस्तक १९८९ चे. ‘हार्डगेनर’ हे नियतकालिकही त्याने त्याच वर्षी काढले. नावाप्रमाणेच ते ज्यांच्या अंगाला व्यायाम लवकर लागत नाही, अशा सामान्य शरीरयष्टीच्या माणसांसाठी होते. औषधांच्या नादी न लागता दर वेळी अगदी थोडे वजन वाढवा, हा त्याचा धोशा.

वापरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की स्पर्धेतल्या मोठ्या चकतीत जास्तीत जास्त एक दशांश टक्क्याची वाढ चालते, म्हणजे २५ किलोंत फक्त २५ ग्रॅम. साध्या जिममधल्या ओतीव प्लेटवर २० लिहिलेले असले तरी तिचे वजन शे-दोनशे ग्रॅमनी सहज इकडेतिकडे असते. आज एक जोडी आणि उद्या दुसरीच घेतली, तर पाव किलोचा हिशेब त्यातच बुडतो. म्हणून आपली जोडी रंगाचा ठिपका देऊन राखावी आणि रोज तीच वापरावी. चकती मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातले मोठ्या भोकाचे वॉशर तोलून घ्यावेत. साखळीचे सारखे तुकडेही चालतात. ही वाढ खांदे आणि छातीच्या व्यायामांना, त्यातही स्त्रियांना, वयस्कांना आणि दुखण्यातून उठलेल्यांना सर्वांत उपयोगी. दर आठवड्याला अर्धा किलो कायम वाढत राहील, या भ्रमात मात्र कोणी राहू नये. तसे झाले तर वर्षाला २६ किलो होतील, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेवढे कोणाचेच होत नाहीत.

नवी यंत्रे घेण्याआधी व्यायामशाळा चालवणाऱ्यांनी पाव आणि अर्ध्या किलोची एकेक जोडी स्टँडवर ठेवावी. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज असते, ते बहुधा ती मागायला लाजतात.