हेंग्रेव्हचा वाडा

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स गावाजवळ, हेंग्रेव्ह हॉल नावाचा पुरातन वाडा बागबगीच्यांमध्ये उभा आहे. अलीकडे तो विवाहसमारंभांसाठी भाड्याने दिला जाऊ लागला. तेथे जेवून उठणाऱ्या पुष्कळांस त्या भिंतींचा पूर्ववृत्तान्त ठाऊक नसेल. आम्हां कॅथोलिकांस मात्र तो ठाऊक असावा.

लंडनचे व्यापारी सर थॉमस किटसन यांनी हा वाडा १५२५ ते १५३८ या काळात बांधविला. त्यातील प्रार्थनामंदिराच्या रंगीत खिडकीत, २१ खणांमध्ये, सृष्टीच्या उत्पत्तीपासून पुढचे पवित्र प्रसंग चितारलेले आहेत. देशभर अशी काचचित्रे फोडली जात असता ही शाबूत राहिली.

पुढे कठीण काळ आला. १५५९ च्या कायद्याने सरकारमान्य उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास १२ पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो महिन्यास २० पौंड झाला. एवढा दंड भरता भरता भल्याभल्या जमीनदारांचीही शेते गेली. तरीही इंग्लंडातील पुष्कळ घराण्यांनी धर्म सोडला नाही. किटसनांच्या पणतीच्या विवाहाने वाडा ज्या गेज घराण्याकडे आला, तेही त्यांपैकीच होय.

१७९४ मध्ये फ्रेंच सैन्याच्या भयाने ब्रूजेस सोडून आलेल्या इंग्रज ऑगस्टिनियन धर्मभगिनींस येथेच आश्रय मिळाला. १८०२ पर्यंत त्या येथे राहिल्या. याच घराण्यातील सर विल्यम गेज यांनी फ्रान्साहून हिरव्या आलुबुखाऱ्याची झाडे आणविली. वाटेत त्यांवरील नावाची चिठ्ठी हरवल्याने माळ्याने त्या फळास ‘ग्रीनगेज’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. फळाचे ते नाव आजही सर्वतोमुखी आहे. घराण्याने सोसलेले कष्ट मात्र थोड्यांच्याच स्मरणात आहेत.

१९५२ पासून असम्पशन संघाच्या धर्मभगिनींनी येथे मुलींची शाळा चालविली. १९७४ नंतर निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती एकत्र प्रार्थना करीत. २००५ मध्ये तेही संपले, आणि वाडा विकला गेला.

तेथे आता विवाह होतात याचे आम्हांस वैषम्य वाटत नाही. विवाह हाही संस्कारच होय. खेद वाटतो तो विस्मरणाचा. वाडा धन्यागणिक हात बदलतो. पण ज्यांनी दंड भरला आणि निराश्रितांस दार उघडले, त्यांची आठवण कोणत्याही खरेदीखतात उतरत नाही. ती मुलांस सांगावी लागते. जुबिलीच्या या दिवशी आमच्या देवालयाच्या भिंतींकडे पाहताना आपणही आपल्या वाडवडिलांची कहाणी घरी सांगावी, एवढीच विनंती.