फुलराणीची जपानी बहीण

भक्ती बर्वेंची मंजुळा १९७५ साली मराठी रंगभूमीवर आली, तेव्हा तिची एक जपानी बहीण पंधरा वर्षांपासून रस्त्यांवर धावत होती. दोघींचं कूळ एकच, बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. पु. लं.नी त्याची ‘ती फुलराणी’ केली. अमेरिकेत १९५६ मध्येच त्याचं ‘माय फेअर लेडी’ झालं होतं. निस्सानचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता या गाण्यांच्या नाटकावर इतके खूश झाले, की १९६०च्या डॅटसन स्पोर्ट्सचं बारसं ‘फेअरलेडी’ असं झालं.

याच घराण्यात १९६९ मध्ये फेअरलेडी झेड जन्मली. दोन दारं, दोन सीटा, लांब नाक आणि मागे उतरत गेलेलं छप्पर. अशा गाडीला कूपे म्हणतात. रेल्वेच्या फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा कूपे तो हाच शब्द, फ्रेंचमध्ये अर्थ ‘कापलेला’. अमेरिकेतला कारभार पाहणाऱ्या युताका काटायामांना मात्र नाव पटेना. स्पोर्ट्स कारला असलं नाजूक नाव? त्यांनी पाट्या उतरवल्या आणि २.४ लिटरच्या इंजिनावरून ‘२४०-झेड’ लावलं. किंमत ३,५२६ डॉलर. मंजुळेला भाषा बदलावी लागली, हिला नावच.

संग्राहक हिच्याशेजारी टोयोटा २००० जीटी उभी करतात. परभणीजवळच्या झरीतही ती बांधणाऱ्या कंपनीची ओळख करून द्यावी लागणार नाही : आरएक्स १०० वाली यामाहा! डॅशबोर्डचं लाकूडकामही यामाहाच्या वाद्यं बनवणाऱ्या घरातलं. गाडीची उंची ११६ सेंटिमीटर, चार फुटांच्याही आत. सहा फुटांवरचा शॉन कॉनरी मावेना, म्हणून १९६७च्या बाँडपटासाठी तिचं छप्परच कापलं.

२००० जीटी बनल्या ३५१. झेडची पहिली पिढी पाच लाखांवर गेली.

लिलावात हा फरक लगेच दिसतो. २०२० मध्ये एक २४०-झेड ३ लाख १० हजार डॉलरना गेली, तेव्हा डोळे विस्फारले होते. २०२२ मध्ये कॅरोल शेल्बीच्या संघाने शर्यतीत पळवलेली २००० जीटी २५ लाख डॉलरच्या पुढे गेली. तरी चालवायची हौस असेल तर झेडच बरी. टोयोटाला ओरखडा पडला तरी मालकाची झोप उडेल. झेडचा शत्रू गंज. बॅटरीखालचा पत्रा आणि पायाखालची तळपाटी आधी पाहावी, रंग मागून. दारांखालच्या पट्टीला चुंबक चिकटेना, तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे.

जपानात झेड आजही फेअरलेडी म्हणूनच विकली जाते. जुन्यांपैकी तिथल्या जाणकारांचा जीव अडकतो तो झेड-४३२ मध्ये. जेमतेम चारशेवर बनलेली. दर सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, ३ कार्बोरेटर, २ कॅमशाफ्ट. नावातच पत्रिका मांडलेली.