भाव, 'पाहिजेत' आणि तलाठी भरती

वाचनालयाचा इतिहास दाखल रजिस्टरात असतो, असं ग्रंथपाल म्हणतात. आमच्या आबाजींना ते पटत नसे. "रजिस्टर कायले पाह्यतं? लोकं काय मागाले येत, ते पाह्य." हिंगण्यातल्या वाचनाची गोष्ट त्यांनी मला याच अंगानं सांगितली, ओसरीवर सुपारी कातरत, तुकड्यातुकड्यानं.

त्यांच्या तरुणपणी लोक भाव मागायला येत. वेणेकाठचा हा मुलूख कापसाचा. बाजाराच्या दिवशी कुणीतरी नागपूरहून पेपर आणायचा, अक्षरओळख असलेला एखादा तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे भोवती बसायचे. कपाट नाही, वर्गणी नाही, पण वाचनालय सुरू झालेलं होतं. कापसाचे भाव वाचून झाले तरी उठायची घाई कुणाला नसे. 1944 मध्ये नागपुरात 'तरुण भारत' निघाला, संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. त्यांची भाषा भारदस्त, संस्कृत वळणाची. ऐकणाऱ्यांना निम्मं कळत नसे, तरी "वाच जी पुढं, कानाले बरं लागते" असा आग्रह व्हायचा. हे गृहस्थ कादंबऱ्याही लिहितात, हे आबाजींना पुष्कळ उशिरा कळलं आणि का कोण जाणे, थोडा रागच आला.

1956 मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1 मे 1968 पासून लागू झाला. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागलं. कागदपत्रं वाढली. आबाजींच्या हिशेबी मात्र खरा बदल कायद्यानं नाही, कारखान्यांनी केला. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि हिंगणा मार्गावर हळूहळू शेड उभ्या राहिल्या. आता भावांच्या आधी 'पाहिजेत'चा रकाना उघडला जाऊ लागला. फिटर पाहिजे, टर्नर पाहिजे. माझे काका याच पिढीतले. वाचनालयातला पेपर दुपारपर्यंत मधोमध भोक पडून लोंबायचा. जाहिरात कुणाच्या तरी खिशात गेलेली असायची. पेपर हाती येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून काका कपाटाकडे वळले आणि बाबूराव अर्नाळकरांच्या तावडीत सापडले. ज्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्याच्यापुढे बेकारीचे दिवस कमीच पडायचे. साहित्य माणसाच्या आयुष्यात असंच शिरतं, असं मला वाटतं. दुसऱ्याच कामाला आलेल्या माणसाला गाठून.

मोठी आई वाचनालयाची पायरी कधी चढली नाही. सभासद काका, वाचक ती. दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी आणि भली मोठी रांग. आमच्या घरी अंक यायचा तेव्हा होळीच्या गोवऱ्या थापणं चाललेलं असे. वर्षभविष्याची पानं ती तरीही पहिल्यांदा वाचायची. दोन-तीन महिन्यांचं भविष्य खरं ठरलं की नाही, हे तिला पडताळूनच पाहता येई.

आता येतात ते अभ्यासिकेतले. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी. मेट्रो 2020 पासून हिंगणा मार्गावरच्या लोकमान्य नगरपर्यंत आली, नागपुरातल्या खाजगी अभ्यासिका जवळ आल्या, पण त्यांचं महिन्याचं भाडं कुठून आणायचं? ही मुलं आपली पुस्तकं घेऊन येतात, खुर्ची, पंखा आणि शांतता वापरतात, कपाटाला हात लावत नाहीत. जुने सभासद यावर कुरकुरतात. मला ती कुरकुर पटत नाही. भाव ऐकायला बसलेले तरी कुठे ग्रंथप्रेमानं आले होते? तक्रारच करायची तर अनुदानाची करावी. त्यातला निम्मा हिस्सा पगारावर खर्चायचा, तरी ग्रंथपालाच्या हातात पडतं ते सांगायला त्यालाच संकोच वाटतो. 2022 मध्ये सरकारनं अनुदान 60 टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. मूळ रक्कमच एवढीशी, की वाढही तेवढीच दिसली.

आमच्या ग्रंथपालांनी मात्र एक शहाणपणा केलाय. रहस्यकथांचं कपाट पिण्याच्या पाण्याजवळ आणून ठेवलंय. परवा भरतीची तयारी करणाऱ्या एका पोट्ट्यानं अर्नाळकरांच्या झुंजारकथा आणखी आहेत का म्हणून विचारलं. बऱ्याचशा फार पूर्वीच कुणीतरी नेऊन परत केलेल्या नाहीत. ते कुणीतरी म्हणजे आमचे काका नसतील, अशी हमी मी देत नाही.